शेजारधर्माची वही : जावातल्या एका गावाबद्दल

नमस्कार. इंडोनेशियाचं नाव काढलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास निघतात. एक बाली, आणि दुसरी म्हणजे 'तिथले मुसलमानसुद्धा रामायण-महाभारत पाहतात'. दोन्ही खऱ्या आहेत, दोन्हींवर रग्गड बोलून झालंय, म्हणून आज मी दोन्ही बाजूला ठेवते. मला बोलायचंय ते जावा बेटावरच्या एका साध्या गावाबद्दल. भातशेतीच्या एका अभ्यासाच्या निमित्ताने तिथे माझं बरंच राहणं झालं आणि पुढेही जाणं-येणं सुरू राहिलं. योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला बांतुल नावाचा जिल्हा आहे, त्यात इमोगिरीच्या बाजूला, ओपाक नदीपासून फार लांब नाही असं हे गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे लोकांच्या स्वयंपाकघरातल्या आणि पैशाअडक्याच्या गोष्टी येणार आहेत.

आधी दाटीचा अंदाज घेऊ. जावा बेट आहे साधारण १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्यापेक्षाही कमी. आणि २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली १५ कोटींच्या वर. त्यामुळे गाव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, म्हणजे शिवार, मग माळ, मग लांबवर पुढच्या गावाचं देऊळ, तसं तिथे काही दिसत नाही. एक वस्ती संपते तिथे भाताची खाचरं लागतात, खाचरांपलीकडे नारळीच्या शेंड्यांची रांग दिसते, ती दुसरी वस्ती. पडीक जमीन शोधावी लागते. आपल्याकडे एक हेक्टरच्या आतला शेतकरी अत्यल्पभूधारक म्हणून सरकारदरबारी नोंदला जातो. तिथे हेक्टरभर भातजमीन असलेला माणूस गावातल्या बड्यांत जमा. निम्मी मंडळी अर्ध्या हेक्टरच्याही खाली, आणि बरेच जण दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसणारे.

एवढ्याशा जमिनीवर एवढी माणसं जगतात कशी? पहिलं उत्तर उत्तरेला उभं आहे. मेरापी ज्वालामुखी. आकाश स्वच्छ असलं की पहाटे गावातून त्याच्या टोकावरचा धूर दिसतो. राखेची माती, डोंगरातून बारमाही उतरणारं पाणी, ते वाटून घेणारे पाट. भाताची वर्षाला दोन पिकं, पाणी पुरलं तर तीन, नाहीतर तिसऱ्याला भुईमूग, मका, मिरची. दुसरं उत्तर घराच्या परसात. परसात वर नारळ, त्याखाली फणस आणि केळी, त्याखाली पपई, कसावा, अगदी जमिनीलगत हळद-आलं, एका कोपऱ्यात सिमेंटच्या टाकीत मागूर मासे, मधून फिरणाऱ्या कोंबड्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे रान वाटतं. मी ज्यांच्याकडे राहत होते त्या आजींना (तिथे वडीलधाऱ्यांना 'म्बाह' म्हणतात) मी एकदा विचारलं, की हे कोणी लावलं? त्या म्हणाल्या, "पोरी, हे लावायला चार पिढ्या लागल्या, आणि तोडायला माझ्या जावयाला एक दुपार पुरेल." जावयाला तिथे मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं.

तिसरं उत्तर मात्र जमिनीत सापडत नाही. आजचं व्याख्यान त्याच्याबद्दल आहे.

गावात फिरताना बहुतेक घरांच्या दाराशेजारी, भिंतीवर किंवा कुंपणाच्या खांबाला, एक छोटासा पेला खिळ्याला अडकवलेला दिसतो. कुणाचा बांबूच्या पेराचा, कुणाचा पाइपचा कापलेला तुकडा, कुणाचा पाण्याच्या बाटलीचा बूड. घरातली बाई संध्याकाळी त्यात दोन चमचे तांदूळ टाकते. रात्री वस्तीतले पुरुष पाळीपाळीने गस्त घालतात, तिला 'रोंडा' म्हणतात. प्रत्येक घरातून एक पुरुष, आठवड्याचा एक ठरलेला वार. चौकात एक उघडी खोपटी असते, तिथे पत्ते, गोड चहा आणि उकडलेले शेंगदाणे चालतात. खोपटीच्या आढ्याला लाकडाचा पोकळ ओंडका टांगलेला असतो. चोर, आग, मयत, प्रत्येकाचा ठोका वेगळा. मध्यरात्रीच्या सुमाराला दोन-तीन जण उठून फेरी मारतात आणि एकेक पेला पिशवीत उपडा करतात. ह्या तांदळाला 'जिम्पितान' म्हणतात. महिन्याचा तांदूळ विकून आलेल्या पैशातून गल्लीतले दिवे, वस्तीच्या मालकीच्या खुर्च्या, आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं पाकीट हे सगळं चालतं. आता बहुतेक ठिकाणी तांदळाऐवजी पाचशे रुपियाचं नाणं टाकतात. पाचशे रुपिया म्हणजे आपले तीन रुपयेही नाहीत.

हे ऐकून आपण लगेच भारावून जातो. मीही गेले होते. पण फेरीबरोबर जो तिसरा माणूस चालतो तो काय करतो ते पाहा. त्याच्या हातात विजेरी आणि वही असते. वहीत घरांची यादी, समोर महिन्याच्या तारखा. पेला भरलेला असेल तर टिक, रिकामा असेल तर गोळा. वस्तीच्या बैठकीत ती वही वाचली जाते. मोठ्याने. कुणी रागावत नाही, कुणी काही बोलतही नाही. नुसती वाचली जाते. जावाच्या माणसाला चारचौघांत आवाज चढवणं फार हलकं वाटतं. त्यामुळे शिस्त लावायची ती अशीच लावतात.

आम्ही बाहेरचे लोक ह्याला 'सामूहिकतेची भावना' वगैरे म्हणून मोकळे होतो. इंडोनेशियन सरकारही त्याला 'गोतोंग रोयोंग' म्हणतं आणि जणू ते जावाच्या रक्तातच आहे असं शाळेत शिकवतं. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, १ जून १९४५च्या प्रसिद्ध भाषणात सुकार्नोंनी आपली पाच तत्त्वं मांडली आणि ही पाचही पिळून एकच करायचं तर ते गोतोंग रोयोंग, असंही सांगितलं. मला तिथे राहून जे दिसलं ते वेगळं. तिथला शेजारधर्म रक्तात नाही, वहीत आहे. तो रोज लिहिला जातो म्हणून टिकतो. आणि वही कोणाच्या हातात आहे त्यावर त्याचा रंग ठरतो. एवढं एकच मला आज तुम्हाला पटवून द्यायचंय.

लग्नाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे मी स्वतः लसूण सोललाय. गावात कुणाकडे लग्न असलं की दोन-तीन दिवस आधीपासून शेजारच्या बायका कामाला येतात. त्याला 'रेवांग' म्हणतात. बोलावणं असतं, पण ते नाकारायचं नसतं. अंगणात ताडपत्री टाकून बायका गोल बसतात. कुणी छोटे लाल कांदे सोलतं, कुणी नारळ खवतं, कुणी केळीची पानं पुसून त्यांचे तुकडे करतं. सगळ्यांवर एक मुख्य आचारीण. ती गावातलीच, तिला पैसे मिळत नाहीत, पण तिच्या शब्दाबाहेर मीठही पडत नाही. पुरुषांकडे पाणी, लाकूड, कोंबड्या कापणं आणि चहा. वाढपी म्हणून तरुण पोरं. मला पहिल्या दिवशी लसूण दिला, दुसऱ्या दिवशी बढती देऊन टोफू कापायला बसवलं. माझे तुकडे एकसारखे येत नाहीत हे पाहून शेजारच्या बाईने एक शब्द न बोलता माझ्यासमोरची परात आपल्याकडे ओढली आणि माझ्या हातात परत लसूण दिला.

ह्या गर्दीत एक बाई काहीच काम करत नव्हती. घराच्या आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेली. येणारी प्रत्येक बाई आधी तिच्याकडे जात होती. पिशवीतून पाच किलो तांदूळ, दोन किलो साखर, शेवयांची पाकिटं, टेंपेच्या गुंडाळ्या, कुणाकडून जिवंत कोंबडी. ती बाई वस्तू बघून नाव आणि वजन लिहून घेत होती. आपल्याकडे आहेराची वही असते ना, तशीच. फरक एवढाच की आपल्याकडे ती वही लग्नानंतर कपाटात जाते आणि कधीतरी सून विचारते, ह्यांनी आपल्याला काय दिलं होतं. तिथे ती वही चालू खातं आहे. त्या घरी कार्य निघालं की इथली वही उघडते आणि निदान तेवढं तरी परत जातं. मुस्लिम वर्षातल्या बकरी ईदच्या महिन्यात लग्नांची झुंबड उडते. ह्या महिन्यात कष्टकरी घरांची अक्षरशः दमछाक होते. आमच्या शेजारणीने एकदा लोकांकडे तांदूळ पोचवण्यासाठी कर्ज काढलं होतं. "नाही दिलं तर काय होईल?" म्हणून मी विचारलं. ती हसली. "काही नाही होणार. पण माझ्या मुलीच्या लग्नात लसूण कोण सोलणार?"

पैशासाठी भिशी आहे, 'आरिसान'. आपल्या भिशीसारखीच. चिठ्ठी निघाली की रक्कम तिची. पण तिथे बायकांची भिशी, पुरुषांची भिशी, मशिदीत कुराण वाचणाऱ्या बायकांची भिशी, एकाच पाटाचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची भिशी, असं करत एकेक बाई चार-पाच भिशांत असते. बचत हा त्यातला छोटा भाग. खरी गोष्ट अशी, की भिशी असली की बैठकीला यावंच लागतं, आणि बैठकीला आलं की बाकीचे निरोप, वर्गण्या, तक्रारी सगळं उरकतं. ह्या बैठका महिन्याने होत नाहीत. जावात सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचा दुसरा आठवडाही चालतो : लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोन्हींची सांगड घातली की ३५ दिवसांनी तोच जोडवार परत येतो. गावाची बैठक, बाळाचे सोहळे, कित्येक ठिकाणी बाजारसुद्धा ह्या हिशेबाने. मला पहिल्यांदा निरोप आला, 'मंगळवार पाहिंगला या.' मी आपली पुढच्या मंगळवारी जाऊन बसले. दारात फक्त एक कोंबडा होता.

आता जरा इतिहासात जाऊ, कारण ही वही फार जुनी आहे असं समजण्यात गफलत आहे. मदतीची देवघेव जुनीच. पण ज्या चौकटीत आज ती चालते, म्हणजे काही डझन घरांचा एक गट, त्याचा एक मुखिया, घरांची यादी, ती चौकट आणली जपान्यांनी. दुसऱ्या महायुद्धात जावा जपानच्या ताब्यात होतं. १९४४च्या सुरुवातीला त्यांनी आपल्याकडची 'तोनारिगुमी', म्हणजे शेजारगट, जावात लागू केली. हेतू साधा होता. भात वसूल करायचा, रेशन वाटायचं, वेठीला माणसं उचलायची, आणि कोण कुठे आहे ते कळायला हवं. जपानी गेले, गट राहिले. आज त्यालाच 'आर टी' म्हणतात. त्याच्या मुखियाच्या सहीशिवाय कित्येक वर्षं तुमचं ओळखपत्राचं काम पुढे सरकत नसे.

सुकार्नोंनंतर राष्ट्राध्यक्ष झालेले लष्करी अधिकारी सुहार्तो, त्यांच्या राजवटीने ह्या यंत्राला आणखी तेल घातलं. वस्तीच्या तोंडाशी पाटी असायची, अजूनही बऱ्याच ठिकाणी दिसते : पाहुण्यांनी २४ तासांच्या आत नोंद करावी. १९७९च्या ग्रामकायद्याने देशभरातल्या गावांना जावाच्या गावाचा साचा लावला. पश्चिम सुमात्रात 'नागारी' नावाची आपली जुनी ग्रामव्यवस्था होती, तिचे तुकडे पाडून एकेक 'देसा' बनवली. पुढे सुहार्तो गेल्यावर ती नागारी परत जोडली गेली.

आणि याद्यांबद्दल बोलायचं तर १९६५ टाळता येत नाही. ३० सप्टेंबरच्या रात्री आणि पहाटे जकार्तात सहा जनरल मारले गेले, खापर कम्युनिस्ट पक्षावर फोडलं गेलं आणि पुढच्या काही महिन्यांत जावा, बाली, उत्तर सुमात्रा इथे निदान पाच लाख माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ह्यातली बहुतेक हत्या लष्कराच्या आशीर्वादाने, पण गावपातळीवर झाल्या. कोण शेतकरी संघटनेत होता, कोणाची बायको कोणत्या सभेला गेली होती, हे शेजाऱ्यांना माहीत होतं. त्यातून सुटलेल्या कैद्यांच्या ओळखपत्रावर पुढे कित्येक वर्षं 'ई टी' ही अक्षरं छापली जायची, म्हणजे माजी राजकीय कैदी, आणि त्यांच्या मुलांना सरकारी नोकरी मिळायची नाही. गावात ह्या विषयावर कुणी आपणहून बोलत नाही. मीही विचारलं नाही. एवढंच सांगते, की गोतोंग रोयोंगचे गोडवे गाणाऱ्याने हे पान उलटून पुढे जाऊ नये.

शेतीकडे येते. जुन्या काळी भाताची कापणी बायकांची. हाताच्या पंज्यात लपेल एवढं पातं, 'आनि-आनि', त्याने एकेक लोंबी खुडायची. भाताची देवी म्हणजे देवी श्री, तिला विळा दिसला तर ती बिचकेल म्हणून पातं लपवायचं, अशी समजूत. देवीचं देवीला माहीत, पण ह्या पद्धतीत हात भरपूर लागायचे, आणि कापणीला येणाऱ्या बाईला नाही म्हणायची रीत नव्हती. प्रत्येकीला तिने खुडलेल्या भातातला ठरलेला वाटा मिळायचा. भूमिहीन घरातल्या बाईचं सहामाही धान्य त्यातून सुटायचं.

हरितक्रांतीत बुटक्या जातीचं भात आलं. ते लवकर गळतं, एकदम कापावं लागतं, तेव्हा विळा आला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तांदूळ सडायच्या छोट्या गिरण्या आल्या आणि उखळावर सडणाऱ्या बायकांची मजुरी गेली. मग व्यापारी उभं पीक विकत घेऊ लागला. तो शेताच्या बांधावर उभा राहून अंदाजाने भाव करतो, आणि कापायला आपली टोळी आणतो. शेतमालक सुटला. गावातल्या बायकांना 'येऊ नका' म्हणायचं पाप त्याच्या माथी आलं नाही, ते व्यापाऱ्याने केलं. वाट्याची वही गावाच्या हातातून व्यापाऱ्याच्या खिशात गेली ती अशी, भांडणतंटा न होता.

पीक मात्र वाढलं. जो देश तांदळाचा मोठा आयातदार होता तो १९८४ साली स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पण त्याच्या आगेमागे तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला. कारण गमतीदार आहे. सरकार कीटकनाशकांवर भरपूर सबसिडी देत होतं, लोक ती सढळ हाताने फवारत होते, आणि त्यात तुडतुडे खाणारे कोळी आधी मरत होते. तुडतुड्याची अंडी भाताच्या खोडात सुरक्षित. जितकं फवारावं तितके तुडतुडे जास्त. शेवटी १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली, सबसिडीही टप्प्याटप्प्याने बंद झाली. आणि १९८९पासून शेतकऱ्यांसाठी शेतातच शाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकऱ्यांचा गट, हंगामभर आठवड्यातून एक सकाळ. आधी खाचरात उतरायचं, ठरावीक चुडांवरचे किडे आणि कोळी मोजायचे, मग मोठ्या कागदावर चित्र काढायचं : रोप मध्ये, एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र. मग गटाने ठरवायचं, फवारायचं की नाही. आपल्या कृषी खात्याच्या 'शेतीशाळा' तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्यांचं मूळ घराणं हेच, जावातल्या भातखाचरांतलं. ज्यांना आपल्याकडे सह्यांपुरती आणि चहापुरती शेतीशाळा भेटली असेल त्यांनी मूळ कल्पनेला दोष देऊ नये. तिथल्या एका वयस्क शेतकऱ्याने मला जपून ठेवलेला कागद दाखवला. रंगीत खडूने काढलेला कोळी एवढा मोठा, की शेजारी भात म्हणजे गवताची काडी.

गाव स्वयंपूर्ण असतं ही आपली लाडकी कल्पना. टेंपेचं उदाहरण देते. सोयाबीन उकडून, सालं काढून, त्यावर बुरशीचं विरजण लावून केळीच्या पानात गुंडाळलं की दोन दिवसांत त्याची घट्ट वडी होते, ती टेंपे. जावाच्या गरिबाचं प्रथिन. ह्याच्याइतकं गावठी दुसरं काही नसेल. पण त्यातलं सोयाबीन बहुतांशी अमेरिकेतून येतं. २०१२ साली अमेरिकेतल्या दुष्काळाने भाव भडकले तेव्हा टेंपे करणाऱ्यांनी चक्क काही दिवस उत्पादन बंद ठेवलं होतं. आमच्या गल्लीत टेंपे करणाऱ्या बाईंनी भाव वाढला तरी किंमत कधी वाढवली नाही. वडी बारीक केली. शेजारणींना भाव सांगायला तोंड कुठून आणायचं! (आपण मराठवाड्यात, विदर्भात एवढं सोयाबीन पिकवतो आणि त्याची पेंड परदेशी पाठवतो, ह्यावर कुणीतरी वेगळं व्याख्यान ठेवा.)

आता भूकंप. २७ मे २००६, शनिवार, पहाटे सहाच्या आधी. ओपाक नदीच्या भ्रंशरेषेलगत. पाच हजार सातशेहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुसंख्य एकट्या बांतुलमध्ये. घरं विटांची, पण कोपऱ्यात खांब नाहीत, वर पट्टा नाही, ती पत्त्यांसारखी बसली. दीड लाखाच्या आसपास घरं पूर्ण पडली. आणि दोन वर्षांच्या आत बहुतेक सगळी परत उभी राहिली, त्याच जागी. हे कसं जमलं ते बघायला जगभरातून माणसं आली.

पद्धत अशी होती. दहा-पंधरा पडक्या घरांचा एक गट करायचा, सरकारी मदत, दर घरामागे दीड कोटी रुपिया (हो, दीड कोटी, पण रुपिया. तेव्हाचे आपले पाऊण लाखाच्या आसपास), त्या गटाच्या नावावर यायची. कोणाचं घर आधी बांधायचं ते गटाने ठरवायचं. सगळ्यांनी सगळ्यांच्या घरावर काम करायचं. ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात बऱ्याच वस्त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. सरकारी यादीत फक्त पूर्ण पडलेल्या घरांची नावं होती. ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते त्यांना काही नाही. बैठका झाल्या आणि ठरलं, की आलेल्या पैशातून थोडं थोडं काढून यादीबाहेरच्यांनाही द्यायचं. 'बागि रोतो', सारखं वाटून घ्या. हिशेबतपासनीसांनी ह्याला कपात म्हटलं, भ्रष्टाचार म्हटलं. वर्तमानपत्रांत बरंच रान उठलं. काही ठिकाणी खरोखरच पुढाऱ्यांनी हात मारला होता. पण जिथे बैठकीत ठरून वाटप झालं तिथल्या लोकांचं म्हणणं मी ऐकलंय. सरकारची यादी एकदा बनते. शेजाऱ्याच्या अंगणात रोज जायचं असतं. तो तडे गेलेल्या घरात बसलेला असताना तुम्ही नव्या घरात लसूण सोलायला कुणाला बोलावणार?

१९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपण ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली, रेखीव रस्ते, मोठाले प्लॉट. घरं मजबूत झाली ह्यात शंका नाही. गल्ली मात्र विस्कटली, हे तिथे काम केलेल्या माझ्या मित्रमंडळींकडून मी ऐकत आलेय. बांतुलमध्ये गल्ली हलवलीच नाही, कारण हलवायला रिकामी जमीनच नव्हती. त्यांच्या शहाणपणाला दाटीची मदत झाली, हेही सांगायला हवं.

सध्याची स्थिती थोडक्यात सांगते. २०१४च्या ग्रामकायद्यानंतर केंद्राचा पैसा थेट गावाच्या खात्यात येऊ लागला. देशात ७५ हजारांच्या आसपास गावं, आणि २०२०च्या सुमाराला सरासरी गावामागे वर्षाला सुमारे शंभर कोटी रुपिया, म्हणजे आपले पन्नासेक लाख रुपये. ग्रामकार्यालयाबाहेर हातभर उंच नव्हे, घराएवढा फलक लागतो : किती आले, कशावर गेले. बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या गल्ल्या. क्लातेनजवळच्या पोंग्गोक गावाने आपल्या झऱ्याच्या तळ्यात पर्यटन सुरू केलं. पाण्याखाली मोटारसायकलवर बसून फोटो काढून घ्यायला शहरातली पोरं येतात, आणि गावाच्या कंपनीला त्यातून घसघशीत उत्पन्न आहे. प्रत्येक सरकारी सादरीकरणात पोंग्गोक असतंच. पण सगळ्याच गावांत झरा नसतो. पैसा आला तशी खुर्चीही महाग झाली. जानेवारी २०२३मध्ये गावप्रमुखांनी जकार्तात मोर्चा काढून सहा वर्षांची मुदत नऊ करा अशी मागणी केली. २०२४च्या दुरुस्तीत आठ वर्षं मिळाली.

वेळ संपत आलीय. पुढच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे, तेवढं उत्तर देऊन थांबते. विचारलंय : 'तरुण मुलं शहरात गेल्यावर गस्त कोण घालतं?'

चांगला प्रश्न आहे. आमच्या वस्तीत हाच वाद झाला. बरेच मुलगे जकार्तात, काही तैवान-कोरियाच्या कारखान्यांत. घरी म्हातारे आईवडील किंवा एकटी सून. पाळी चुकली की दंड ठरलेला होता. परदेशातले मुलगे तो दंड वर्षाचा एकदम पाठवून द्यायला लागले. वहीच्या दृष्टीने सगळं चोख, पैसाही पूर्वीपेक्षा जास्त, पण खोपटीत माणूस नाही. बैठकीत दोन बाजू पडल्या. एक म्हणाली, त्या पैशातून पगारी राखणदार ठेवू. दुसरी म्हणाली, मग पेलेही काढून टाका, क्यूआर कोड लावा. शेजारच्या वस्तीत लावलाय. तोडगा निघाला तो असा : दंड भरून सूट मिळणार नाही. ज्या घरात पुरुष नाही त्याच्या पाळीला शेजारचं घर माणूस देईल, आणि मुलगा सुट्टीवर आला की त्याने तितक्या रात्री फेडायच्या. वहीत त्यासाठी नवा रकाना आखला. गेल्या खेपेला मी पाहिलं तर ईदच्या सुट्टीत आलेली चार पोरं खोपटीत बसून मोबाइलवर फुटबॉल बघत होती. उधारी फेडत होती. फेरीची वेळ झाल्यावर त्यांतल्या दोघांनी एकमेकांना विचारलं, पेले कोणत्या गल्लीपासून सुरू करायचे असतात?